जीन क्लार्क: सायकेडेलिक पॉपकडून बँजोच्या साथीकडे झालेला प्रवास कसा समजून घ्यावा?

अनाहत_सूर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

गेली काही वर्षे मी प्रामुख्याने अमेरिकेतील इंडी संगीत ऐकतो आहे आणि त्यातही ज्या संगीतात आवाजाभोवती प्रतिध्वनीचे दाट आवरण असते, ते मला विशेष भावते. ‘बीच हाउस’ या जोडीने जानेवारी 2014 मध्ये ‘फ्लीट फॉक्सेस’, ‘ग्रिझली बेअर’ आणि इतर गटांतील गायकांना सोबत घेऊन अमेरिकी गायक-गीतकार जीन क्लार्क यांचा ‘नो अदर’ हा 1974 चा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत रंगमंचावर सादर केला होता, असे वाचनात आल्यावर मी तो अल्बम मिळवून ऐकला आणि तेथून मागे मागे जात क्लार्क यांचे बरेचसे काम ऐकून काढले.

या ऐकण्यात मला एक गोष्ट उलगडत नाही. ‘द बर्ड्स’ या गटाचे ‘एट माइल्स हाय’ हे गाणे मार्च 1966 मध्ये प्रसिद्ध झाले आणि सायकेडेलिक पॉपचा, म्हणजे स्वप्नवत, गुंगी आणणाऱ्या ध्वनीच्या पॉप संगीताचा, आरंभ ज्या मोजक्या गाण्यांपासून मानला जातो, त्यांत त्याची गणना होते. त्यावर जॉन कोल्ट्रेन यांचा सॅक्सोफोन आणि पंडित रविशंकर यांची सतार या दोहोंचा प्रभाव होता, हे त्या गटातील मंडळींनीच वेळोवेळी सांगितले आहे. या गाण्याचे मुख्य लेखक त्याच गटातील जीन क्लार्क होते. तेच क्लार्क ऑक्टोबर 1968 मध्ये बँजोवादक डग डिलार्ड यांच्यासह ‘द फँटॅस्टिक एक्स्पिडिशन ऑफ डिलार्ड अँड क्लार्क’ हा अल्बम घेऊन येतात, तेव्हा त्यात बँजो, मँडोलिन आणि डोब्रो (तारांवर धातूची कांडी घसरवून वाजवायची गिटार) पुढे आहेत आणि ड्रमचे अस्तित्व जवळजवळ नावापुरतेच आहे. अवघ्या अडीच वर्षांत एखादा गीतकार-गायक इतका दूर कसा जातो? ही त्या काळाची हवा होती, स्वतःच्या बालपणाकडे जाणे होते, की आधीच्या संगीताचा आलेला थकवा होता?

दुसरा प्रश्न श्रोता म्हणून आहे. माझे कान भावगीते आणि शास्त्रीय संगीत यांवर घडलेले आहेत. सायकेडेलिक संगीतातील रागसदृश सुरावटींमध्ये मला शिरता येते. पण बँजो वाजू लागला की मला केवळ एक प्रकारचा उत्साह ऐकू येतो आणि गाण्यातील दुःख त्या उत्साहाखाली दबल्यासारखे वाटते. ज्यांनी हे संगीत दीर्घकाळ ऐकले आहे, त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बारा_तारा यांचा प्रतिसाद

प्रश्न मनापासून आवडला, कारण क्लार्क यांच्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. प्रथम कालक्रम पाहू. तो नीट मांडला की अडीच वर्षांतील ती उडी वाटते तितकी मोठी राहत नाही.

‘एट माइल्स हाय’ प्रसिद्ध होण्याच्या सुमारासच क्लार्क गटाबाहेर पडले. विमानप्रवासाची भीती हे त्याचे एक कारण होते आणि गीतलेखनाच्या मानधनामुळे इतर सदस्यांहून त्यांचे उत्पन्न बरेच अधिक झाल्याने गटात निर्माण झालेला ताण हे दुसरे. ऑगस्ट 1965 मधील लंडनच्या विमानप्रवासावर ज्याचे सर्वांत गाजलेले गाणे बेतलेले आहे, त्याच माणसाला पुढे विमानात बसणे अशक्य व्हावे, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व वाटचालीवर परिणाम करणारी ठरली. ऑक्टोबर 1967 मध्ये डेव्हिड क्रॉस्बी यांना गटातून काढल्यानंतर क्लार्क परत आले, पण जेमतेम तीन आठवड्यांत त्याच कारणामुळे पुन्हा बाहेर पडले. ज्याला दौरे करता येत नाहीत, त्या गायकाला आपल्या शहरात, मित्रांच्या घरी, हाताशी असलेल्या वाद्यांवर संगीत करावे लागते, आणि लॉस एंजेलिसमधील क्लार्क यांचे मित्र मोठ्या प्रमाणात ब्लूग्रास, म्हणजे बँजो-मँडोलिनसारख्या वाद्यांवरचे वेगवान कंट्री संगीत, वाजवणारे होते.

आता फेब्रुवारी 1967 चा ‘जीन क्लार्क विथ द गॉस्डिन ब्रदर्स’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम घ्या. आपल्या प्रश्नातील दोन टोकांच्या मधला पूल तो आहे. त्याचे पहिले गाणे ‘एकोज’ लिऑन रसेल यांनी बांधलेल्या वाद्यवृंदात न्हालेले आहे आणि त्या वर्षीच्या सायकेडेलिक पॉपच्या मध्यभागी सहज बसते. मात्र त्याच अल्बमवरील ‘ट्राइड सो हार्ड’ हे जवळजवळ शुद्ध कंट्री गाणे आहे. साथीला असलेले व्हर्न आणि रेक्स गॉस्डिन हे अलाबामातील बंधू पूर्वी बर्ड्समधील क्रिस हिलमन यांच्याबरोबर ब्लूग्रास गात असत आणि पुढे व्हर्न यांनी कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या मुख्य प्रवाहातील कंट्री गायक म्हणून मोठे नाव कमावले. गिटारवर क्लॅरेन्स व्हाइट आहेत, आणि विद्युत बँजोवर आहेत तेच डग डिलार्ड. म्हणजे 1968 मध्ये क्लार्क यांना डिलार्ड नव्याने भेटले नव्हते. ते आधीपासून त्यांच्या गाण्यात वाजवत होते, फक्त त्यांच्यासमोर वाद्यवृंद उभा असल्याने ते मागे ऐकू येत होते.

हा अल्बम कोलंबिया कंपनीने बर्ड्सच्या ‘यंगर दॅन यस्टर्डे’ या अल्बमबरोबर एकाच महिन्यात बाजारात आणला. त्यामुळे व्हायचे तेच झाले आणि क्लार्क यांच्या अल्बमकडे कोणी फारसे पाहिले नाही. माझ्या मते या दुर्लक्षाचा परिणाम इतकाच झाला की पुढच्या वेळी कोणत्याही कंपनीच्या अपेक्षांचे ओझे न घेता ते मित्रांसोबत बसले.

कॅन्सस_सिटीकर यांचा प्रतिसाद

मी गेली अनेक वर्षे मिसुरी राज्यात राहतो आहे, म्हणून बालपणाच्या मुद्द्यावर थोडे लिहितो.

क्लार्क यांचा जन्म 17 नोव्हेंबर 1944 रोजी मध्य मिसुरीतील टिप्टन या लहान गावी झाला आणि त्यांचे बालपण कॅन्सस सिटीच्या दक्षिणपूर्वेकडील स्वोप पार्कच्या परिसरात गेले. तेरा भावंडांचे हे कुटुंब होते. वडील गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवत असत आणि मुलाला गिटारचे पहिले धडे त्यांनीच दिले. हँक विल्यम्स यांची गाणी त्या घरात गायली जात होती. त्यामुळे कंट्री संगीत क्लार्क यांनी मोठेपणी ध्वनिमुद्रिका विकत घेऊन शिकलेले नाही. 1963 मध्ये ‘न्यू ख्रिस्टी मिन्स्ट्रेल्स’ या लोकप्रिय लोकगीतगटाने त्यांना कॅन्सस सिटीतून उचलले, पुढच्याच वर्षी बीटल्सची गाणी ऐकून त्यांनी तो गट सोडला आणि लॉस एंजेलिसमध्ये ‘ट्रूबडूर’ या क्लबात पुढे ‘द बर्ड्स’मध्ये त्यांच्यासोबत असलेल्या रॉजर मॅक्गिन यांच्याशी त्यांची गाठ पडली. घरातील गिटारपासून ‘एट माइल्स हाय’पर्यंतचा सगळा काळ फार तर दहा-बारा वर्षांचा आहे.

डग डिलार्डही मिसुरीचेच. राज्याच्या दक्षिणेकडील ओझार्क टेकड्यांच्या प्रदेशातील सेलम हे त्यांचे गाव. हा भाग पाहिलेला असल्याने मला असे वाटते की या दोघांच्या एकत्र येण्यात केवळ संगीताची आवडनिवड नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये भेटलेली, एकाच राज्यातल्या लहान गावांतून आलेली आणि जवळपास एकाच वातावरणात वाढलेली ही दोन माणसे होती. दोघांच्या गाण्यांत वारंवार येणारी रेल्वे, निघून जाणे, मागे राहिलेले घर या गोष्टी त्यांच्यासाठी कल्पनेतल्या नव्हत्या. टिप्टन गावातून लोहमार्ग जातो आणि गावाच्या चारही बाजूंना शेती आहे.

1991 मध्ये, वयाच्या केवळ 46 व्या वर्षी, क्लार्क यांचे निधन झाले. त्यांचे दफन टिप्टन येथे झाले असून त्यांच्या समाधीच्या दगडावर ‘नो अदर’ हे शब्द कोरलेले आहेत. ज्या अल्बममधून आपण क्लार्क यांच्याकडे आलात, त्याचे नाव त्यांच्या जन्मगावी आहे, हे आपल्याला ठाऊक असावे म्हणून येथे नोंदवले.

पाऊलखुणा यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरीही ‘बालपणाकडे परतणे’ हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते आणि ते थोड्या विस्ताराने मांडतो.

कंट्री संगीत म्हणजे मातीतून आपोआप उगवलेले, बाजाराने न शिवलेले जुने संगीत, अशी एक समजूत अशा चर्चांच्या तळाशी नेहमी असते. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रित कंट्री संगीताची चौकट 1920 च्या दशकात कंपन्यांनी आखली. राल्फ पीअर यांनी 1927 च्या उन्हाळ्यात टेनेसीतील ब्रिस्टल येथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले, त्या काळात गोऱ्या ग्रामीण श्रोत्यांसाठी एक आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी दुसरी अशा ध्वनिमुद्रिकांच्या स्वतंत्र मालिका विकल्या जात होत्या, गावागावांत मात्र वादक एकमेकांचे ऐकत आणि उचलत होते. बँजो हे वाद्य तर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर अमेरिकेत आले. ज्याला आपण गोऱ्या शेतकऱ्याच्या घरातील वाद्य समजतो, त्याच्या मागे हा इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय ‘मुळे’ हा विषय काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय डिलार्ड ज्या तीन बोटांच्या शैलीत बँजो वाजवत असत, ती अर्ल स्क्रग्ज यांनी लोकप्रिय केली आणि स्क्रग्ज डिसेंबर 1945 मध्ये बिल मन्रो यांच्या गटात आल्यानंतरच आज ब्लूग्रास म्हणून ओळखले जाणारे संगीत पूर्ण आकाराला आले. म्हणजे हे संगीत आणि जीन क्लार्क साधारण एकाच वयाचे आहेत. ते जुने वाटते, पण 1968 मध्ये ते जेमतेम दोन दशकांचे होते.

मग 1968 मध्ये अनेक जण एकाच वेळी त्याकडे का वळले? डिसेंबर 1967 अखेरीस बॉब डिलन यांचा नॅशव्हिलमध्ये केलेला ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ आला, जुलै 1968 मध्ये ‘द बँड’चा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ आला आणि ऑगस्ट अखेरीस खुद्द बर्ड्सचा, ग्रॅम पार्सन्स यांच्या आगमनाने घडलेला ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ आला. आदल्या वर्षीच्या झगमगाटानंतर व्हिएतनाम युद्ध, नेत्यांच्या हत्या आणि शहरांतील दंगली यांनी अमेरिका हादरलेली असताना साध्या वाद्यांकडे जाण्याची एक सामूहिक ओढ निर्माण झाली होती. क्लार्क त्या लाटेत होते. त्यांचे बालपण मिसुरीत गेले नसते, तरीही त्यांनी असाच एखादा अल्बम केला असता, असे मला वाटते.

बारा_तारा यांचा प्रतिसाद

पाऊलखुणा यांनी दिलेला इतिहास मान्य आहे आणि बँजोच्या आफ्रिकी उगमाचा उल्लेख झाला, हे फार बरे झाले. लाटेच्या मुद्द्यावर मात्र एक पुरवणी जोडतो. 1968 मध्ये ही वाट व्यापारी लाभाची नव्हती. ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ अमेरिकेच्या अल्बमविक्रीच्या यादीत 77 व्या क्रमांकापलीकडे गेला नाही आणि तोवरच्या बर्ड्सच्या अल्बमांत त्याची विक्री सर्वांत कमी झाली. त्या वर्षी मार्चमध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या प्रतिष्ठित कार्यक्रमाच्या मंचावर बर्ड्समधील लांब केसांच्या तरुणांचे स्वागत थंडपणे आणि काही प्रमाणात शत्रुत्वानेच झाले. रॉक ऐकणाऱ्यांना हे संगीत मागासलेल्या विचारांचे वाटत होते आणि कंट्री ऐकणाऱ्यांना ही मुले परकी वाटत होती. डिलार्ड आणि क्लार्क यांचे दोन्ही अल्बम विक्रीत अपयशी ठरले. दोन्हीकडून नाकारले जाण्याची शक्यता दिसत असताना माणूस एखाद्या दिशेने जातो, तेव्हा त्यामागे हवेपेक्षा अधिक काही असते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे बँजो ऐकण्याच्या अडचणीकडे वळतो. मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते येथेच आहे.

‘एट माइल्स हाय’मधील ती बारा तारांची रिकनबॅकर गिटार पुन्हा ऐका. रॉजर मॅक्गिन हे शिकागोच्या ‘ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक’मध्ये बँजो शिकलेले वादक. एक चपटी नखी अंगठा आणि तर्जनी यांत धरून, मधल्या आणि अनामिकेच्या बोटांवर धातूच्या नख्या चढवून ते बँजोच्या फिरत्या बोलांसारखे बोल गिटारवर काढत असत. बर्ड्सच्या ज्या किणकिणाटाला आपण सायकेडेलिक पॉपचा आवाज समजतो, त्याची बोटे बँजोची आहेत. गाण्याच्या मधल्या भागात मॅक्गिन कोल्ट्रेन यांच्या ‘इंडिया’ या रचनेतील स्वरसमूह घेऊन सॅक्सोफोनसारखे वाजवू पाहतात, हे आपल्याला ठाऊकच आहे; पण कडव्यांच्या मागे काय चालले आहे, ते लक्ष देऊन ऐका. तेथे क्रिस हिलमन यांची खर्जाची गिटार आणि ड्रम अस्वस्थपणे धावत असतात, तारा अखंड किणकिणत असतात आणि या सगळ्या धावपळीवर गायकांचे स्वर लांबवलेले, संथ, जवळजवळ हालचाल न करणारे असतात.

त्यानंतर लगेच डिलार्ड-क्लार्कच्या पहिल्या अल्बमवरील ‘विथ केअर फ्रॉम समवन’ ऐका. खाली बँजो वेगाने पळतो आहे आणि वर क्लार्क यांचा आवाज घाई न करता, एकेका शब्दावर भार देत चालला आहे. बांधणी तीच आहे. वेगवान तारा आणि त्यावर तरंगणारा संथ, खिन्न आवाज, हा क्लार्क यांच्या गाण्याचा गाभा 1966 मध्ये होता आणि 1968 मध्येही होता. बदलले ते सभोवतालचे वाद्यसंच, प्रतिध्वनीचे प्रमाण आणि आवाज किती जवळून ऐकू यावा याविषयीचा निर्णय. म्हणून बँजोतील उत्साह आणि गाण्यातील दुःख यांत विरोध शोधू नका. ज्याच्या मनात काही तुटलेले आहे, त्याच्याभोवती जग वेगाने चालतच राहते, ही जाणीव या रचनेतून येते आणि बँजो मंद केला, तर ती नाहीशी होईल.

शास्त्रीय संगीताचे कान असल्यामुळे आणखी एक गोष्ट आपल्याला लवकर जाणवेल. पाच तारांच्या बँजोची पाचवी, आखूड तार सतत एकाच उंच स्वरावर छेडली जाते. ती सतारीतील चिकारीचे काम करते. चाल कोठेही गेली तरी तो स्वर मध्येमध्ये चमकत राहतो. तो एकदा कानांनी पकडला की बँजोचा गोंगाट विरून त्यामागचा आकार दिसू लागतो.

सुरेलपणा यांचा प्रतिसाद

बारा_तारा यांनी बँजोविषयी लिहिले, म्हणून मी डोब्रो आणि स्टील गिटारविषयी लिहितो, कारण मराठी श्रोत्यासाठी कंट्री संगीतात शिरण्याचा सर्वांत सोपा दरवाजा तो आहे.

डाव्या हातात धातूची कांडी धरून तारेवरून घसरवत वाजवण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर घडली आणि तिच्या प्रसाराचे श्रेय जोसेफ केकुकु यांना दिले जाते. तेथून ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाऊन कंट्री संगीतात मिसळली. हवाईयन संगीताचे कलाकार तौ मो हे 1940 च्या दशकात कोलकात्यात राहिले आणि भारतात या वाद्याची गोडी वाढवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका मागच्या पिढीतील असंख्य घरांत होत्या. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी याच गिटारवर रागसंगीत वाजवले आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात बदल करून मोहनवीणा घडवली. अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी भट्ट यांना 1994 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यामुळे कंट्री गाण्यात स्टील गिटारचा एखादा स्वर हळूच दुसऱ्या स्वरावर सरकतो, तेव्हा आपल्याला जी मींड ऐकू येते, ती आपली कल्पना नसते. दोन्हीकडे एकाच वाद्याची शाखा वाजत असते.

या कानाने ऐकायचे असेल, तर ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’पासून सुरुवात करावी. त्यात लॉइड ग्रीन आणि जेडी मॅनेस या दोन कसलेल्या वादकांची पेडल स्टील, म्हणजे पायपट्ट्यांनी स्वर बदलता येणारी स्टील गिटार, आहे. गायक ओळ संपवून थांबतो आणि स्टील त्या ओळीचा शेवट पुन्हा, थोडा वाकवून म्हणते. ख्यालगायनात संवादिनी किंवा सारंगी गायकामागून जे करते, त्याच्याशी हे नाते पटकन जुळते. तो अल्बम कानात मुरल्यावर डिलार्ड-क्लार्ककडे यावे, कारण तेथे हीच गोष्ट अधिक विरळ वाद्यांत आणि अधिक खासगी स्वरात आहे.

पाऊलखुणा यांना एक विनंती. बाजाराचा इतिहास सांगताना गाण्याच्या दर्जाविषयीही लिहावे. लाटेत अनेक जण होते. पण ‘ईगल्स’ या गटाने 1972 च्या आपल्या पहिल्याच अल्बमवर ‘ट्रेन लीव्ह्ज हिअर धिस मॉर्निंग’ हे क्लार्क आणि बर्नी लेडन यांचे गाणे घ्यावे, किंवा रॉबर्ट प्लांट आणि ॲलिसन क्राउस यांनी 2007 च्या ‘रेझिंग सँड’वर क्लार्क यांची दोन गाणी निवडावीत, हे केवळ लाटेमुळे घडत नाही.

अनाहत_सूर यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली आणि वेगवान तारांवरील संथ आवाजाचा मुद्दा पूर्णपणे पटला. डिलार्ड-क्लार्कच्या त्या अल्बमवर एके ठिकाणी हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे जुने वाद्य ऐकू येते, हेही या वेळी प्रथमच जाणवले. जुन्या पॉपचा तेवढा एक धागा त्यांनी सोडलेला दिसत नाही.

आता यातूनच दोन उपप्रश्न निर्माण होतात. ‘नो अदर’ मध्ये पुन्हा समूहस्वर, भरगच्च वाद्ये आणि सहा ते आठ मिनिटांचीही गाणी आहेत. मग क्लार्क 1974 मध्ये कंट्री सोडून परत आधीच्या वाटेने गेले, असे समजायचे का? आणि आजच्या इंडी गायिकांमध्ये, उदाहरणार्थ एंजल ओल्सन किंवा ‘वॉक्साहॅची’ या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफिल्ड यांच्यात, जो कंट्रीकडील कल दिसतो, त्याकडे याच दृष्टीने पाहता येईल का?

पाऊलखुणा यांचा प्रतिसाद

सुरेलपणा यांची विनंती रास्त आहे. क्लार्क यांच्या गाण्यांचा दर्जा मी नाकारत नाही. ‘थ्रू द मॉर्निंग, थ्रू द नाइट’ हे गाणे मला अमेरिकी गीतलेखनातील मत्सर आणि विरह यांचे अत्यंत संयत चित्रण वाटते. गाणे त्यांचे स्वतःचे असूनही त्या गाण्याचा पोशाख काळाने ठरवला, एवढेच मला म्हणायचे आहे आणि त्यावर मी कायम आहे.

आजच्या गायिकांविषयी थोडक्यात लिहितो. क्रचफिल्ड या अलाबामातील बर्मिंगहॅमच्या. त्यांचे आधीचे संगीत कर्कश विद्युत गिटारींचे होते आणि 2018 मध्ये मद्य सोडल्यानंतर केलेल्या, मार्च 2020 मध्ये आलेल्या ‘सेंट क्लाउड’पासून त्यात मोकळी जागा आली आणि दक्षिणेकडील उच्चार लपवण्याची गरज संपली. ओल्सन यांचा 2019 चा ‘ऑल मिरर्स’ हा तंतुवाद्यवृंद आणि सिंथेसायझर यांनी भारलेला होता, तर आई-वडिलांच्या पाठोपाठ झालेल्या निधनानंतर ध्वनिमुद्रित केलेला 2022 चा ‘बिग टाइम’ पेडल स्टीलच्या सोबतीने उलगडतो. दोघींच्या बाबतीत आयुष्यातील मोठा बदल आणि साधी साथ एकाच वेळी आली, हे खरे आहे. तरीही त्यांच्यात आणि क्लार्क यांच्यात एक मोठा फरक आहे. 2020 पर्यंत इंडी संगीताचे श्रोते या वळणासाठी तयार झालेले होते आणि समीक्षकांनी दोन्ही अल्बमांचे भरभरून स्वागत केले. क्लार्क यांना तो श्रोता त्यांच्या हयातीत मिळाला नाही.

बारा_तारा यांचा प्रतिसाद

‘नो अदर’विषयीच्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि त्याला पुरावाही आहे.

1971 चा ‘व्हाइट लाइट’ हा क्लार्क यांचा सर्वांत उघडा अल्बम. जेसी एड डेव्हिस यांच्या देखरेखीखाली झालेल्या त्या ध्वनिमुद्रणात गिटार, माउथ ऑर्गन आणि आवाज यांपलीकडे फारसे काही लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडील मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर ते त्या काळात राहत होते. 1973 मध्ये मूळ बर्ड्स पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यातील क्लार्क यांची गाणी सर्वांत उजवी ठरली आणि त्यामुळे असायलम कंपनीने त्यांच्याशी करार केला. त्या करारातून ‘नो अदर’ घडला. निर्माते थॉमस जेफरसन के यांनी त्यावर एक लाख डॉलरहून अधिक खर्च केला आणि त्यातून फक्त आठ गाणी हाती आल्याने कंपनीचे प्रमुख डेव्हिड गेफन नाराज झाले. अल्बमला पुरेसे पाठबळ मिळाले नाही आणि तो लवकरच दुकानांतून दिसेनासा झाला.

पण त्याची मांडणी पाहा. पहिले गाणे ‘लाइफ्स ग्रेटेस्ट फूल’ सरळ कंट्रीच्या चालीने सुरू होते आणि समूहस्वर त्यात मागाहून भरत जातात. वादकांमध्ये क्रिस हिलमन आहेत, म्हणजे ब्लूग्रासमधूनच आलेले मँडोलिनवादक. शेवटचे ‘लेडी ऑफ द नॉर्थ’ हे गाणे क्लार्क यांनी ज्यांच्यासोबत लिहिले, ते डग डिलार्ड आहेत. सायकेडेलिक पॉपमध्ये त्यांनी जे शिकले होते, म्हणजे ध्वनिमुद्रण कक्षालाच वाद्य मानणे, ते त्यांनी येथे कंट्री गाण्यांवर वापरले. ‘स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज’ या गाण्यात तर दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून मी क्लार्क यांच्या बाबतीत ‘वळले’ आणि ‘परतले’ ही क्रियापदेच वापरत नाही. त्यांनी 1968 मध्ये जे मिळवले, ते 1974 मध्ये सोबत घेतले.

‘दिस मॉर्टल कॉइल’ या प्रकल्पाने ‘स्ट्रेंग्थ ऑफ स्ट्रिंग्ज’ हे गाणे 1986 मध्ये स्वतःच्या पद्धतीने केले. त्यांच्या ‘4एडी’ या स्वतंत्र ब्रिटिश कंपनीने 2019 मध्ये ‘नो अदर’ नव्याने प्रसिद्ध केला. आपण ज्या संगीतातून क्लार्क यांच्याकडे पोहोचलात, त्या संगीताच्या मंडळींनी त्यांना बराच काळ जपून ठेवले आहे.

ऐकण्याचा क्रम हवा असेल, तर मी असा सुचवेन: आधी ‘एकोज’ आणि ‘ट्राइड सो हार्ड’ ही एकाच अल्बमवरील दोन गाणी, मग डिलार्ड-क्लार्कचा पहिला अल्बम संपूर्ण, त्यानंतर दुसऱ्यातील ‘पॉली’ आणि ‘थ्रू द मॉर्निंग, थ्रू द नाइट’, मग ‘व्हाइट लाइट’ आणि शेवटी ‘नो अदर’. दुसऱ्या डिलार्ड-क्लार्क अल्बमवर इतरांची गाणी बरीच आहेत आणि तो पहिल्याइतका एकसंध नाही, त्यामुळे तो संपूर्ण ऐकण्याची घाई नको. पेडल स्टीलसाठी सुरेलपणा यांनी सांगितलेला बर्ड्सचा अल्बम या क्रमात कोठेही बसेल.